झिंग्यांच्या रक्तपेशी मोजून त्यांच्यावरचा ताण ओळखता येईल काय?

तलावपाळ (साकोली, जि. भंडारा)

सर्वांना नमस्कार.

आमच्या मच्छीमार संस्थेकडे एक मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि दोन बोड्या, म्हणजे लहान तळी, ठेक्याने आहेत. तलावात रोहू, कतला, मृगळ हे नेहमीचेच. बोड्यांमध्ये मात्र गेली तीन वर्षे आम्ही गोड्या पाण्यातला मोठा झिंगा, ज्याला बाजारात स्कॅम्पी म्हणतात, तो वाढवतो. पावसाळ्यात बीज सोडायचे आणि थंडी कडक होण्याआधी माल काढायचा, असा क्रम आहे. हा झिंगा मेल्यावर बर्फात ठेवला तरी त्याचे मांस लवकर भुसभुशीत पडते, त्यामुळे नागपूरच्या ज्या गिऱ्हाईकांना चांगला माल हवा असतो ते जिवंतच मागतात आणि जिवंत मालाला भावही चांगला देतात.

अडचण अशी आहे की बोडीच्या पाळीवर उड्या मारणारा झिंगा शंभरेक किलोमीटरचा रस्ता कापून नागपूरला पोहोचेपर्यंत कधी ठणठणीत असतो, तर कधी त्यातला बराचसा मेलेला किंवा लोळागोळा झालेला असतो. ओढजाळे, मग हापा (पाण्यात बांधलेला जाळीचा पिंजरा), मग वजनकाटा, मग गाडीवरची टाकी, मग रस्ता, असे पाच टप्पे आहेत आणि दोष नेमका कोणत्या टप्प्याचा, यावर संस्थेच्या प्रत्येक बैठकीत वाद होतो. जाळेवाले गाडीवाल्याकडे बोट दाखवतात, आणि गाडीवाला म्हणतो की माल टाकीत पडला तेव्हाच अर्धमेला होता.

समुद्रातल्या शेवंडांविषयी (लॉब्स्टर) वाचताना माझ्या असे वाचनात आले की पकडलेल्या शेवंडाचे थोडे रक्त काढून त्यातील पेशी मोजल्या, तर त्याच्यावर किती ताण आला आहे याचा अंदाज बांधता येतो. हे आमच्या झिंग्यावर करता येईल काय? त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागते, की तालुक्याच्या ठिकाणच्या रक्त तपासणी केंद्रातला सूक्ष्मदर्शक पुरतो? आणि मुख्य म्हणजे, पेशी वाढल्या म्हणजे ताण समजायचा की कमी झाल्या म्हणजे? दोन्ही प्रकारची विधाने वाचल्यामुळे माझा गोंधळ झाला आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

मत्स्यशाळा (नागपूर)

तलावपाळ, आपला प्रश्न चांगला आहे आणि गोंधळही रास्त आहे. मी मत्स्यविज्ञान शिकवतो, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

प्रथम रक्ताविषयी. शेवंड, झिंगा, खेकडा या कवचधाऱ्यांचे रक्त आपल्यासारखे बंद नळ्यांतून फिरत नाही. हृदयातून निघालेले रक्त पुढे शरीरातल्या पोकळ्यांमध्ये मोकळे पसरते, अवयवांना भिजवते आणि कल्ल्यांवरून होऊन परत हृदयाकडे येते. प्राणवायू वाहणारा पदार्थ तांबेयुक्त असतो आणि तो पेशींत नसून द्रवात विरघळलेला असतो, त्यामुळे प्राणवायू भरपूर असताना रक्त फिकट निळे आणि तो संपला की जवळजवळ रंगहीन दिसते. म्हणजे यांच्या रक्तात तांबड्या पेशी नसतातच. ज्या पेशी आपण मोजणार त्या सगळ्या पहारेकऱ्याच्या कामाच्या: जंतू गिळणे, बाहेरून शिरलेल्या मोठ्या वस्तूभोवती वेढा घालणे, जखमेवर रक्त गोठवणे, आणि काळे रंगद्रव्य तयार करून जंतूंना कोंडणे. दाणे नसलेल्या, थोडे दाणे असलेल्या आणि दाण्यांनी भरलेल्या असे त्यांचे तीन ढोबळ प्रकार मानतात. एका मिलिलिटरमध्ये या सगळ्या मिळून किती, ही झाली एकूण गणना. आणि शंभर पेशींत कोणत्या प्रकारच्या किती, ही झाली प्रकारवार गणना.

शेवंडांवर हे काम जुने आहे. उत्तर अटलांटिकमधल्या नांगीवाल्या अमेरिकन शेवंडाच्या रक्तपेशी विद्युत यंत्राने मोजण्याची पद्धत आणि आहाराचा त्या संख्येवर होणारा परिणाम हे कॅनडात १९६७ मध्येच प्रसिद्ध झाले होते. पुढे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या बिननांगीच्या शेवंडांवर, पकडल्यानंतरच्या हाताळणीचा ताण या गणनेत दिसतो का, याचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामागचा हिशेब व्यापारी होता: शेवंड जिवंत विमानाने जातो, मेला तर किंमत कोसळते, आणि निघण्यापूर्वीच कमजोर नग ओळखता आले तर ते बाजूला काढता येतात. आपली अडचण वेगळी नाही, फक्त विमानाच्या जागी पिकअप गाडी आहे.

आता आपला कळीचा प्रश्न. संख्या वाढते की घटते? दोन्ही घडते, आणि म्हणूनच आपल्याला दोन्ही विधाने सापडली. ताण पडल्याबरोबर ऊतींमध्ये चिकटून राहिलेल्या पेशी रक्तात सुटू शकतात, तेव्हा गणना चढते. याउलट जखम झाली असेल, जंतू शिरले असतील किंवा ताण लांबला असेल, तर पेशी जखमेकडे व ऊतींकडे जातात, गोठण्यात खर्ची पडतात, फुटतात, आणि रक्तातली संख्या उतरते. म्हणजे त्याच झिंग्याची गणना पहिल्या तासात चढलेली आणि सहाव्या तासात उतरलेली असू शकते. मधल्या कुठल्यातरी क्षणी ती अगदी मूळ पातळीवरही दिसेल, आणि तेवढा एकच आकडा पाहणारा माणूस म्हणेल की सर्व ठीक आहे.

त्यात भर म्हणजे ताणाशी संबंध नसलेल्या कितीतरी गोष्टी हाच आकडा हलवतात. कात टाकण्याच्या वेळी प्राणी भरपूर पाणी शोषून घेतो, रक्त पातळ होते आणि पेशींची दाटी कमी भासते. पाण्याचे तापमान, सामू, विरघळलेला प्राणवायू, उपासमार, वय, रोग, यांतले काहीही आकडा खालीवर करू शकते. आपल्याच झिंग्याच्या जातीवर २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कात टाकण्याची अवस्था आणि पाण्याचे गुण यांचा पेशींवरचा परिणाम तपासला होता. म्हणून एका झिंग्याची एका दिवशीची गणना सांगून ‘हा ताणाखाली आहे का’ असे विचारले, तर त्याचे प्रामाणिक उत्तर देता येत नाही.

पण आपला प्रश्न तो नाहीच. आपल्याला पाच टप्प्यांपैकी दोषी टप्पा हुडकायचा आहे, आणि त्यासाठी ही पद्धत खरोखर उपयोगी पडू शकते, कारण तिथे तुलना त्याच बोडीतल्या, त्याच दिवशीच्या, सारख्या आकाराच्या झिंग्यांची आपसांत होते. बोडीतून हळूच काढलेल्या दहा झिंग्यांची गणना ही आपली मूळ पातळी, तिच्याशी पुढचे आकडे ताडायचे. मग हाप्यातून दहा, काट्यावरून दहा, टाकी भरल्यानंतर दहा आणि नागपूरला उतरवताना दहा. प्रत्येक टप्प्यावर निराळे झिंगे घ्यावेत. त्याच झिंग्याला पुन्हा पुन्हा टोचले तर रक्त काढण्यानेच गणना बदलते आणि आपण आपल्याच सुईचा ताण मोजत बसतो.

गणनेच्या जोडीला दुसरे एखादे माप असावे, असे मी आग्रहाने सांगेन. पाण्याबाहेर काढलेला किंवा शेपटी झटकून दमलेला झिंगा प्राणवायूविना ऊर्जा वापरतो, त्यामुळे रक्तात लॅक्टिक आम्ल साचते, आणि ते पेशींपेक्षा खूप लवकर, काही मिनिटांतच चढते. खेळाडूंसाठी मिळणारे हातातले लॅक्टेट मोजण्याचे यंत्र कवचधाऱ्यांवर वापरण्याचे प्रयोग झालेले आहेत. माणसासाठी बनवलेल्या यंत्राचा आकडा तंतोतंत खरा मानू नये, परंतु टप्प्याटप्प्यांची तुलना करायला तो चालतो. डोळ्याच्या देठातून सुटणाऱ्या एका संप्रेरकामुळे साखरही वाढते. मात्र घरच्या ग्लुकोमीटरने ती मोजायला जाल तर निराशा पदरी पडण्याचा संभव आहे, कारण विसावलेल्या झिंग्याच्या रक्तातली साखर माणसाच्या मानाने फारच कमी असते, यंत्र नुसतेच ‘लो’ दाखवते, आणि शिवाय त्याचे गणित तांबड्या पेशी गृहीत धरून बसवलेले असते.

काचपट्टी (आमगाव, जि. गोंदिया)

मी तालुक्याच्या गावी रक्त तपासणी केंद्र चालवतो. माणसांचे रक्त तपासण्यात पंचवीस वर्षे गेली आणि झिंग्याचे रक्त एका ओळखीच्या मत्स्यशेतकऱ्यासाठी मोजके वेळा पाहिले आहे. सरांनी ‘का’ सांगितले, मी ‘कसे’ सांगतो.

सूक्ष्मदर्शक साधा पुरतो. पेशी मोजण्याची चौकोन आखलेली काच, जिला आम्ही न्यूबॉअर चेंबर म्हणतो, ती बहुतेक जुन्या केंद्रांच्या कपाटात असतेच, कारण यंत्रे येण्यापूर्वी आम्ही सगळे तिच्यावरच मोजत होतो. स्वयंचलित यंत्रात मात्र झिंग्याचे रक्त घालू नका आणि कोणी घालू देत असेल तर त्यातून आलेल्या कागदावर विश्वास ठेवू नका. ते यंत्र माणसाच्या पेशींच्या आकारावर बसवलेले आहे. शिवाय गुठळी अडकली तर दुरुस्तीचा खर्च झिंग्याच्या नफ्यातून भरून निघणार नाही.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे गुठळी. झिंग्याचे रक्त फार झपाट्याने गोठते, कारण काही पेशी सुई लागताच स्वतः फुटतात आणि गोठवणारे द्रव्य सोडतात. रक्त आधी काढून मग औषध मिसळायचे हा माणसाचा क्रम इथे चालत नाही. सिरिंजमध्ये आधीच गोठणरोधक भरलेले हवे. सोडियम सायट्रेट हे आमच्याकडे रोजच्या वापरात असते. निळ्या टोपणाच्या नळीत ते ३.२ टक्के आणि काळ्या टोपणाच्या नळीत बहुधा ३.८ टक्के असते. पण त्या नळ्यांतले प्रमाण माणसासाठी आहे, म्हणजे रक्त जास्त आणि सायट्रेट थोडे. झिंग्यासाठी ते उलटे करावे लागते: एक भाग रक्ताला नऊ भाग सायट्रेट. म्हणून द्राव वेगळा मागवून घ्या, नळ्या फोडत बसू नका.

इन्सुलिनची सिरिंज बारीक असते म्हणून मोह होतो, परंतु तिच्या सुईतून जाताना पेशी चिरडतात. १ मिलिलिटरची साधी सिरिंज आणि २६ गेजची सुई घ्यावी. झिंग्याला ओल्या फडक्यात उताणे धरून, पोटाच्या बाजूने, डोके-छातीचा भाग जिथे संपतो आणि शेपटीची पहिली कडी जिथे सुरू होते तिथल्या मऊ पडद्यातून सुई तिरपी आणि उथळ घालावी. सिरिंजमध्ये ०.९ मिलिलिटर सायट्रेट असेल तर ०.१ मिलिलिटर रक्त ओढायचे. पन्नास-साठ ग्रॅमच्या झिंग्याला एवढे रक्त जड जात नाही. पाण्यातून उचलल्यापासून रक्त काढेपर्यंत एका मिनिटाच्या वर वेळ जाऊ देऊ नये, आणि प्रत्येक झिंग्याला तेवढाच वेळ लागावा यासाठी एकाने धरायचे, दुसऱ्याने टोचायचे आणि तिसऱ्याने घड्याळ पाहायचे.

मोजणी. चौकोनांपैकी चार कोपऱ्यांचे मोठे चौकोन मोजायचे. एका मोठ्या चौकोनाचे क्षेत्र १ चौरस मिलिमीटर आणि खोली ०.१ मिलिमीटर, म्हणून सरासरीला १०,००० ने आणि मग पातळ केलेल्या प्रमाणाने गुणायचे. समजा चार चौकोनांत मिळून ४०० पेशी दिसल्या. सरासरी १००, रक्त पातळ केले १० पट, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १,००,००,००० पेशी. चौकोनाच्या रेषेवर बसलेल्या पेशींपैकी वरच्या आणि डाव्या रेषेवरच्या धरायच्या, खालच्या आणि उजव्या सोडायच्या, हा नियम सर्वांनी एकच पाळावा, नाहीतर दोघांच्या आकड्यांत विनाकारण फरक पडेल. पेशींचे पुंजके दिसले तर तो नमुना मोजू नये, टाकून द्यावा. पुंजका म्हणजे गोठणे सुरू झाले होते.

एक चूक मी स्वतः केली होती ती सांगतो. माणसाच्या पांढऱ्या पेशी मोजण्यासाठी आमच्याकडे ॲसेटिक आम्लाचा निळसर द्राव असतो. सवयीने मी तोच झिंग्याच्या रक्तात मिसळला. आम्लाने पेशींचे आवरण आणि दाणे सगळे बिघडले, उरली फक्त केंद्रके, आणि मी अर्धा तास त्यांकडे पाहत बसलो. तेव्हा तो द्राव वापरू नका.

मत्स्यशाळा (नागपूर)

काचपट्टींनी फार कामाचे लिहिले आहे. एका मुद्द्याची भर घालतो. इंटरनेटवर शेवंडासाठी दिलेले गोठणरोधक द्रावांचे जे पाठ मिळतात ते जसेच्या तसे उतरवून घेऊ नयेत. शेवंड समुद्रातला, त्याच्या रक्ताचा खारटपणा समुद्राच्या पाण्याएवढा असतो. आपला झिंगा गोड्या पाण्यात राहून रक्त त्याहून खारट ठेवतो, तरीही ते समुद्राच्या पाण्याच्या साधारण निम्म्याच्या आसपासच असते. शेवंडाचा द्राव घातला तर झिंग्याच्या पेशी आकसून सुरकुततील आणि प्रकार ओळखता येणार नाहीत. ३.८ टक्के सायट्रेट योगायोगाने झिंग्याला बरेच जुळते, हे आपले नशीब.

दर्यावरून परतलेला (अर्जुनी मोरगाव)

मी मूळ गोंदिया जिल्ह्यातला, ढिवर घरातला. पण सहा वर्षे कोकण किनाऱ्यावर शेवंडांच्या गोदामात कामाला होतो. सरांनी शेवंडाचा विषय काढला म्हणून लिहितो, कारण तिथे जे पाहिले त्यातले काही झिंग्याला लागू पडते आणि काही अजिबात पडत नाही.

आमच्या गोदामात रक्तपेशी कोणी मोजत नव्हते. शेवंड आला की त्याला पाठीवरून उचलायचे आणि पाहायचे: शेपटी आत ओढून झटके देतो की पाय लोंबकळत ठेवतो, मिशा हलवतो की नाही, पायाच्या सांध्यातून पाणी गळते का. लोंबकळला की तो जिवंत पाठवायच्या रांगेतून बाहेर. निर्यातीला वजनाचीही मर्यादा होती. आमच्या किनाऱ्यावरच्या जातीला ३०० ग्रॅमच्या आतला नग चालत नसे. टाक्यांमध्ये पाणी गार करून शेवंड सुस्त झाला की ओलसर भुशात बांधायचा. हे झिंग्याला जमत नाही असे माझे मत आहे. समुद्रातला शेवंड पाण्याबाहेर गारव्यात बराच तग धरतो. आपला झिंगा पाण्याबाहेर टिकत नाही, त्याला पाणी आणि हवा दोन्ही हवेत.

जे लागू पडते ते हे. पाण्याबाहेर असताना कल्ले एकमेकांना चिकटतात आणि अंगातला अमोनिया बाहेर टाकता येत नाही; तो रक्तात साचतो. मग प्राणी पाण्यात सोडला की पहिल्या तासात तो सगळा अमोनिया टाकीत येतो. आम्ही म्हणूनच नवा माल टाकीत आला की पहिले पाणी काही वेळाने बदलायचो. माझा अंदाज असा आहे की तलावपाळ यांच्याकडे वजनकाट्यावर माल बराच वेळ उघडा राहत असावा, आणि तो तसाच गाडीच्या टाकीत जात असावा. मग टाकीचे पाणी बोडीच्या पाळीवरच खराब होते आणि दोष रस्त्याला लागतो. काट्यावर किती मिनिटे जातात, हे आधी घड्याळ लावून पाहावे.

आणखी एक. कॅनडा आणि अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर शेवंडांना कोंडून ठेवायच्या मोठ्या तळ्यांमध्ये एक रोग होतो, ज्यात जिवाणू जखमेतून रक्तात शिरतात, पेशींची संख्या घसरते आणि रक्त गोठेनासे होते. तो रोग १९४७ मध्ये नोंदला गेला. नांग्या बंद ठेवण्यासाठी पूर्वी लाकडी खुंट्या मारत. त्या खुंटीच्या जखमेतून तो पसरे, नंतर रबरी पट्ट्या आल्या. आमच्या गोदामातल्या शेवंडांना नांगीच नव्हती; या रोगाची गोष्ट मला एका पाहुण्या अभियंत्याने सांगितली होती. मुद्दा असा की पेशी कमी दिसल्या तर तो प्रवासाचाच ताण असेल असे धरू नये, आधीच रोग असेल. हाप्यात मोठ्या नांगीचे नर एकमेकांना फाडतात, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

धानपट्टा (तिरोडा)

मला तर हा सगळा खटाटोप अनाठायी वाटतो. दर्यावरून परतलेल्या भाऊंनी सांगितले तसे मिशा आणि शेपटी पाहिली की पुरे आहे. पेशी मोजायला बसायचे तेवढ्या वेळात एरेटरची आणखी एक मोटर बसवून होते. सायट्रेट, चेंबर, तीन माणसे, एका टप्प्याला दहा झिंगे म्हणजे पाच टप्प्यांना पन्नास झिंगे, ते तर विक्रीतून गेलेच की!

मत्स्यशाळा (नागपूर)

धानपट्टा, आपले म्हणणे अर्धे मला मान्य आहे. रोजच्या व्यवहारात मिशा आणि शेपटीच पाहावी. पेशी मोजणे हे रोज करायचे काम नव्हेच. पण जो झिंगा आता ठीक दिसतो आणि तीन तासांनी मरणार आहे, त्याच्या मिशा आताही हलतातच. बाहेरून लक्षण दिसायच्या आधी रक्तात बदल झालेला असतो, इतकाच या पद्धतीचा दावा आहे. संस्थेतला वाद तीन वर्षे चालला आहे; पन्नास झिंगे देऊन तो मिटत असेल तर मला तो सौदा महाग वाटत नाही. रक्त काढलेले झिंगे खाण्यास योग्यच असतात, कारण सायट्रेट सिरिंजमध्येच राहते, अंगात जात नाही. ते घरी रस्सा करायला न्यावेत.

तलावपाळ (साकोली, जि. भंडारा)

सर्वांचे मनापासून आभार. लगेच उत्तर न देता थांबलो, कारण आधी हात चालवून पाहावे असे वाटले.

माझ्या पुतणीचे प्राणिशास्त्रात शिक्षण झाले आहे. ती, मी आणि जाळ्यावरचा एक मुलगा असे तिघे बसलो. पहिल्या सकाळचे सगळे नमुने वाया गेले. सिरिंजमध्ये सायट्रेट भरले होते, पण पुतणीने रक्त ओढल्यावर ते हलवून मिसळले नाही, आणि तळाशी जेलीसारखा गोळा जमला. दुसऱ्या सकाळी मिसळले, तर पेशी छान सुट्या दिसल्या. गोल, काही लांबट, काहींमध्ये चकाकणारे दाणे. काचपट्टींच्या आमगावच्या केंद्रापर्यंत जाणे शक्य नसल्याने इथल्याच एका केंद्रचालकाने संध्याकाळी रुग्ण संपल्यावर सूक्ष्मदर्शक वापरू दिला. नमुने संध्याकाळपर्यंत टिकावेत म्हणून सायट्रेटच्या द्रावात थोडे फॉर्मॅलिन घालायचे, हे पुतणीने सुचवले.

आकडे अजून इथे मांडण्याजोगे नाहीत. बोडीतून थेट काढलेल्या झिंग्यांमध्येच आपसांत इतका फरक आहे की पुढच्या टप्प्यांविषयी बोलणे धाडसाचे होईल. पण मधल्या काळात दर्यावरून परतलेल्या भाऊंच्या सांगण्याप्रमाणे घड्याळ लावले. काट्यावरची रांग संपायला मला वाटत होते त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो, आणि ज्याचे क्रेट शेवटी येते त्याचा झिंगा तोवर उन्हातच पडलेला असतो. आता क्रेटवर ओले पोते टाकतो आणि एका वेळी फक्त एकच क्रेट पाण्याबाहेर काढतो. हे करायला पेशी मोजाव्या लागल्या नाहीत, हे धानपट्टांना आनंदाने कबूल करतो.

सरांना एक प्रश्न आहे. बोडीतल्या झिंग्यांमधला हा फरक कशामुळे असेल? आम्ही आकार सारखा निवडला होता. नांगीचा रंग पाहिला नव्हता. काही निळ्या नांगीचे होते, काही नारिंगी.

मत्स्यशाळा (नागपूर)

फरकाचे मोठे कारण तेच असावे. या जातीचे नर एका वयाचे, एका बोडीतले असूनही तीन पायऱ्यांवर विभागलेले असतात: लहान नर, नारिंगी नांगीचे आणि निळ्या नांगीचे. नारिंगी नांगीचा नर झपाट्याने वाढत असतो, म्हणजेच पुन्हा पुन्हा कात टाकत असतो. निळ्या नांगीचा झाला की वाढ मंदावते, कात क्वचित टाकतो, आणि त्याचा वेळ माद्या राखण्यात जातो. आपण दोघांना एका ओळीत बसवले, तर एक कात टाकून आठवडा झालेला आणि दुसरा कात टाकायच्या बेतात असलेला, अशी जोडी होते. त्यांच्या पेशी जुळणार कशा?

म्हणून पुढच्या वेळी एकच वर्ग निवडावा आणि पाचही टप्प्यांवर तोच ठेवावा. कोणता निवडायचा, तर आपण नागपूरला जो सर्वांत जास्त पाठवता तो. निळ्या नांगीचे घेतले तर कातीचा घोळ कमी होईल, हे खरे. पण तेच भांडखोर असतात आणि त्यांच्या अंगावर जुन्या जखमा असतात, त्या तपासून घ्याव्या लागतील. माद्या घ्यायच्या असतील तर पोटाशी अंडी असलेल्या वगळाव्यात.

कवच दाबून पाहावे, मऊ लागले तर तो झिंगा सोडावा. त्याहून बारीक कसोटी अशी की शेपटीच्या पंख्याचा कडेचा भाग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहायचा. कात जवळ आली असेल तर जुन्या कवचाच्या आत नवी कड वेगळी सुटलेली दिसते. आपल्या पुतणीला हे दोन-तीन वेळा पाहिल्यावर जमेल. प्रत्येक झिंग्यापुढे वहीत सहा गोष्टी लिहाव्यात: वजन, नांगीचा रंग, कवच कडक की मऊ, जखम आहे का, उचलल्यापासून टोचेपर्यंतचे सेकंद, आणि त्या वेळचे पाण्याचे तापमान. डिसेंबरात पहाटेचे आणि दुपारचे पाणी आपल्याकडे सारखे नसते, तेव्हा बोडीवरचे सर्व नमुने एकाच वेळेला घ्यावेत.

फॉर्मॅलिन घातलेला द्राव सिरिंजमध्ये भरू नका. रक्त काढून झाल्यावर नळीत घाला, आणि ज्या झिंग्यांचा रस्सा करायचा आहे त्यांच्याजवळ ती बाटली ठेवू नका. दहा-दहा झिंग्यांचे आकडे तयार झाले की सरासरी काढण्यापूर्वी ते तसेच्या तसे इथे टाका. सरासरीत कोण लपले आहे ते आपण सगळे मिळून पाहू.

काचपट्टी (आमगाव, जि. गोंदिया)

तलावपाळ, पुढच्या खेपेला दोघांनी एकच चेंबर वेगवेगळा मोजून पाहा, एकमेकांचा आकडा न पाहता. दोघांच्या आकड्यांत जेवढा फरक येईल, त्याहून लहान फरक टप्प्याटप्प्यांत दिसला तर तो झिंग्याचा नव्हे, मोजणाऱ्याचा समजावा. आणि केंद्रचालकाची काच स्वच्छ धुऊन, कोरडी पुसून परत करा. फॉर्मॅलिनचा वास राहिला तर पुढच्या वेळी तो सूक्ष्मदर्शक देणार नाही.

तलावपाळ (साकोली, जि. भंडारा)

काच धुतली होती. वासाबद्दल मात्र त्याने विचारलेच. रविवारी पुन्हा ओढजाळे टाकणार आहोत, या वेळी फक्त नारिंगी नांगीचे नर, कडक कवचाचे, सकाळी सात ते आठच्या दरम्यान. गाडीवाल्यालाही बरोबर बसायला सांगितले आहे, म्हणजे नागपूरच्या दहा झिंग्यांना टोचताना तोच घड्याळ धरेल.